थोरल्या साडूंची न जुळणारी बेरीज

एंटरचं बटण माझ्या थोरल्या साडूंइतकं सावकाश दाबणारा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून दुसरा नसेल. पुरावा नसताना मी असली विधानं करत नाही. साताऱ्याहून त्यांच्याकडे गेलो की हे मी समोर बसून पाहतो. साडू काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करतात, चष्मा काढून पुसतात, ओळ पुन्हा वाचतात, आणि उठून स्वयंपाकघरात चहा प्यायला जातात. चहा झाला, कप विसळून पालथा घातला, म्हणजे मग एंटर. एकदा तेवढ्यात वीज गेली. मला वाटलं, आता तरी चरफडतील. ते समाधानानं म्हणाले, "बघा पाव्हणं. दाबलं असतं तर मधीच लटाकलं असतं."

याचं मूळ हळदीत आहे. साडू सांगलीजवळच्या हरिपूरचे. त्यांच्या घराची हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खणलेला, आतून माठासारखा फुगीर खड्डा. हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं, की वरून बैलगाडी गेली तरी खाली काय आहे ते कळत नसे. उघडताना मात्र जपावं लागे. आतल्या कोंडलेल्या हवेत माणूस गुदमरून जातो. म्हणून तोंड मोकळं करून थांबायचं, मग कंदील सोडायचा, आणि तो जळत राहिला तरच उतरायचं. हा नियम साडूंना त्यांच्या थोरल्या भावानं, आण्णांनी, लहानपणीच शिकवला. पुढे पुरात पेवं गेली, साडू टेलिफोन खात्यात नोकरी करून निवृत्त झाले, पण नियम राहिला. कुकर असो, टपाल असो, मोबाइलवरचा निरोप असो, उघडल्यावर ते आधी थांबतात. माझ्या लग्नात अंतरपाट दूर व्हायच्या आधी त्यांनी मला कानात सांगितलं होतं, "लगीच हार घालू नका. जरा दम धरा." नवखा असल्यामुळे मी धरला. मुलगा नाखूश आहे, अशी कुजबूज मंडपभर झाली.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना संगणक घेतला आणि त्यावर फुकट मिळणारी सिस्टीम घातली. माउस त्यांनी कपाटात ठेवून दिला आहे. सगळं काम आज्ञा टाइप करून. आणि एकदा साठवलेलं काही पुसायचं नाही. आंब्याच्या पेटीचा सुद्धा फोटो त्यांच्याकडे असतो, रिकाम्या पेटीचा वेगळा.

हिशेब जुळवण्यात माझी हयात गेली, हे त्यांना ठाऊक. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. "पाव्हणं, तुमी बेरजेचं माणूस. जरा येऊन जावा."

गेलो. दिवाळीत सिस्टीमची नवी आवृत्ती घातल्यापासून कुरबुरी चालू होत्या, आणि आता काहीही साठवायला गेलं की 'जागा शिल्लक नाही' एवढंच उत्तर येत होतं. पण साडूंचा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच गोष्टीपायी. नवी आवृत्ती घातली त्याच आठवड्यात त्यांनी मोबाइलमधलं सगळं 'साठा' नावाच्या फोल्डरात हलवलं होतं. बाहेरून जोडलेल्या मोठ्या डिस्कचं ते दार. त्या सामानात साडूंनी मोबाइलवर टिपलेलं आण्णांचं बोलणं होतं. पेव कसं उघडायचं ते त्यांनी ओसरीवर बसून सांगितलेलं. महिन्याभरात आण्णा गेले. आता 'साठा' उघडला तर ते बोलणं तिथे नव्हतं, आणि मोबाइलमधूनही गेलेलं.

आण्णांच्या मुलाचा पुण्याहून सल्ला आला होता, "काका, सगळं पुसून नवं टाका. अर्ध्या तासाचं काम हाय." वडिलांचा आवाज हरवलाय हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. साडूंनी त्यासाठीचा पेनड्राइव्ह लावूनही ठेवला होता. दोन दिवस नुसता चहा चालला होता.

मी कागद घेऊन बसलो. एक आज्ञा म्हणे, संगणकाची आतली डिस्क पूर्ण भरली. दुसरी एकेक फोल्डर मोजून बेरीज देई, ती निम्मी. मी बेरीज हातानं केली, तरी निम्मीच.

"खातंय कोण मग?" अक्का दारातून म्हणाल्या. साडूंच्या या सौभाग्यवती माझ्या बायकोची थोरली बहीण.

"कुणी खात नाही," मी म्हटलं. "सामान आहे, पण मोजताना दिसत नाही."

साडूंनी चष्मा काढला. काचा पुसल्या. मग म्हणाले, "वरनं मोजल्यावर पेवातलं कसं दिसंल?"

तसंच झालं होतं. नव्या आवृत्तीनंतर बाहेरची डिस्क आपोआप जोडली जात नव्हती. त्या आठवड्यात 'साठ्या'त टाकलेलं सगळं संगणकाच्याच पोटात पडलं, आणि त्याची जागा खाऊन बसलं. पुढे साडूंनी डिस्क हातानं जोडली, ती त्या फोल्डरावर झाकणासारखी बसली. जागा जी खात होतं, तेच हरवलेलं होतं.

साडूंनी डिस्क सोडवायची आज्ञा टाइप केली. मी स्वयंपाकघराकडे बघितलं. पण या वेळी त्यांनी लगेच एंटर दाबलं. 'साठा' उघडला. यादीत आण्णांची फाइल होती.

मग मात्र ते उठले. "उघडलं की लगीच उतरायचं न्हाई," म्हणाले, आणि चहा टाकायला गेले. अक्कांनी त्यांना टाकू दिला. परत आल्यावर त्यांनी आवाज लावला. आण्णा कुणाला तरी दटावत होते, "तू नगं मधी बोलू रं. आदी कंदील सोड."

"मलाच म्हणतोय," साडू म्हणाले.

सगळं सामान बाहेरच्या डिस्कवर हलवून खालचं आम्ही पुसलं. जागा मोकळी झाली. आण्णांच्या बोलण्याचीही एक प्रत बाहेर आहे, पण खालची साडूंनी पुसली नाही; डिस्क पुन्हा जोडल्यावर ती झाकणाखाली तशीच राहिली. पेव पुरतं झाडून काढू नये, म्हणाले. त्यामुळे सांगलीला गेलो आणि दोन्ही आज्ञा चालवल्या, की दोन बेरजांत अजून थोडा फरक येतो. न जुळणारा आकडा मला झोपू देत नाही, हे घरचे सगळे जाणतात. हा मी जुळवलेला नाही.