बोअरच्या पाण्यावर आळ

तिसगावच्या बाजारपेठेत खताच्या दुकानावर जिम निघाली, तेव्हा शेजारच्या गावातला अजिनाथ पहिल्याच आठवड्यात तिथं जाऊन उभा राहिला. तो दुधाचा टेम्पो चालवायचा. अंगानं इतका किडकिडीत, की गावात त्याला पाचट म्हणत. वर्षभर घाम गाळूनही पाचटाचा ऊस काही होईना. मग जिमवाल्या भीमानं त्याला बाजूला घेऊन एक इंजेक्शन दाखवलं. "व्हिटॅमिन समज," तो डोळा मिचकावून म्हणाला. ते स्टेरॉइड आहे हे अजिनाथला ठाऊक होतं. तरी त्यानं ते घेतलं, आणि घेतच राहिला.

दिवाळीपर्यंत त्याचे दंड शर्टाच्या बाह्यांत मावेनात. ऐन थंडीत तो बनियनवर दूध गोळा करू लागला. कुणी बघतंय असं दिसलं, की कॅन उगाच हवेत धरून ठेवायचा.

आणि केस गळायला लागले. आधी कंगव्यात, मग उशीवर. त्याची आई लंकाबाई एका सकाळी उशी उचलून म्हणाली, "आरं, हितं मांजर झोपलं हुतं का?"

"बोअरचं पाणी, आई," अजिनाथ बोलून गेला. "लई क्षार हाय त्यात."

लंकाबाईला एवढं पुरे होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बायकांनी आपापले कंगवे तपासले आणि प्रत्येकीला त्यात केस सापडले. ग्रामसभेत लंकाबाईनं सरपंच श्रीमंतरावांना फैलावर घेतलं.

"तुमी पाडलेल्या बोअरनं माझ्या पोराचं डोस्कं उजाड झालं!"

"अहो वैनी, त्याचे दंड बी केवढे फुगलेत. ते पन पाण्यानंच का?"

"ते माझ्या भाकरीनं!"

मागं बसलेला अजिनाथ खुर्चीत अजूनच खाली सरकला.

पाणी तपासायला गेलं. पाणी जड आहे, पण पिण्याला चांगलं, असा निकाल आला आणि श्रीमंतरावांनी तो पारावर दोनदा वाचून दाखवला. लंकाबाईचं समाधान होईना. तिनं नवरा हनुमंत आणि लेक, दोघांना एसटीत घातलं आणि नगरला केसांच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं.

बाईंनी अजिनाथचं डोकं पाहिलं, मग दंड पाहिले. "सायकल कधीपासून चालू आहे?" जिममध्ये इंजेक्शनांच्या कोर्सला सायकल म्हणतात.

"सायकल न्हाई वो, टेम्पो हाय त्याच्याकडं," लंकाबाई म्हणाली.

अजिनाथनं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. लंकाबाईचा हात चपलेकडं गेला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येकाचे केस जातातच असं नाही. पण घराण्यात टक्कल असलं, तर ते लवकर गाठतं. दादा, जरा टोपी काढाल का?"

हनुमंतानं टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. लंकाबाईनंच ती ओढली. खालून तांब्याच्या बुडासारखं लखलखीत डोकं निघालं.

"लग्नात फेटा हुता," लंकाबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "म्हनून मी फसले."

"म्हणजे हळूहळू व्हायचं, ते याला इंजेक्शनानं झटक्यात झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बंद केलं तर परत येतील?" अजिनाथनं विचारलं.

"गळती मंदावेल. गेलेले सगळे येतील, असं मी सांगणार नाही. आणि केसांचं राहू द्या, आधी रक्त तपासू. हृदयाचं अन् लिव्हरचं नुकसान आरशात दिसत नाही."

लिव्हरला खरंच थोडी सूज होती. अजिनाथनं इंजेक्शन सोडलं. काही महिने त्याच्या अंगात त्राण नव्हतं, चिडचिड व्हायची, दंड ओसरत गेले. मध्ये एक काम मात्र राहिलं होतं, आणि ते श्रीमंतरावांनी विसरू दिलं नाही. पुढच्या ग्रामसभेत अजिनाथला उभं राहावं लागलं.

"पाण्याचा दोष न्हाई," तो म्हणाला. "मी जिममधी सुया टोचून घेत हुतो."

कोपऱ्यातून म्हाताऱ्या कडूबाईचा आवाज आला, "मंग माझे कशानं गळत्यात? मी कुठं सुई टोचली?"

बायकांनी पुन्हा कल्ला केला. श्रीमंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढं अजिनाथनं उरलेले केसही काढून डोकं गुळगुळीत केलं. मिरी गावची आरती त्याला बघायला आली, तेव्हा तिनं सरळ विचारलं, "केस कशानं गेले?" त्यानं इंजेक्शनापासून ग्रामसभेपर्यंत सगळं सांगितलं. आरती इतकी हसली, की तिच्या आईला तिला आत न्यावं लागलं. लग्न ठरलं.

सुपारी फुटल्यावर आरतीचा थोरला भाऊ अमृत त्याला गोठ्यामागं घेऊन गेला. शर्ट अमृतच्या छातीवर ताणलेला होता. "दाजी," तो हळूच म्हणाला, "माझा बी कंगवा भरायलाय."

अजिनाथनं त्याला टेम्पोत बसवलं आणि गाडी नगरच्या रस्त्याला लावली.