सीम बांधली त्या दिवशीचा बाप्तिस्मा

जंगल खात्याच्या बंगल्यात मी बाळ सांभाळायला होते, तेव्हाची गोष्ट. साहेब आणि मडमबाई दोघंही वेल्स मुलखातले, पण देवाच्या बाबतीत दोघांची तोंडं दोन दिशांना. मडमबाईंचे वडील तिकडे राजाच्या, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये पाद्री. साहेबांचे वडील बॅप्टिस्ट. त्यांच्यात तान्ह्या पोराला बाप्तिस्म्याचं पाणी लावत नाहीत. माणूस कळता झाला, आपल्या तोंडानं हो म्हणाला, की मग अख्खा बुडवतात.

त्याच साली वेल्सचं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं निघालं. चार बिशपांचे चार प्रांत आपलं आपण बघू लागले. साहेब खूश. ज्या देवळाची पायरी आमच्या आजानं चढली नाही त्याला पिकाचा दहावा हिस्सा दिला, आता बरी खोड मोडली, म्हणायचे. मडमबाई मात्र वडिलांचं पत्र घेऊन रडत बसायच्या. बाळ सहा महिन्यांचं, अशक्त, आणि अजून बाप्तिस्मा नाही, हा त्यांना घोर. बेळगावचा पाद्री मुंबईच्या बिशपाच्या हाताखालचा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा. त्यानं लावलेलं पाणी आता आपल्याला चालेल का, असं मलाच विचारायच्या.

"भाऊ-भाऊ येगळं निघालं म्हणून कुळाचा देव बदलतोय व्हय, बाईसाब?" मी म्हटलं. ते त्यांना पटलं. साहेब म्हणाले, मी अडवणार नाही, पण येणारही नाही. बेळगावला पत्र गेलं.

दिवस मी सुचवला आणि तिथंच माती खाल्ली. पुढच्या महिन्यातला पहिला मंगळवार धरा, त्या दिवशी सगळं गाव घरात असतं, म्हटलं. असतं, कारण त्या दिवशी सीम बांधतात. देवाला कौल लावून गावकर, म्हणजे गावचा मानकरी, वर्षातनं एकदा गावाची हद्द बंद करतो. दिवसभर बाहेरचा आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. पाद्री बाहेरून यायचा आहे, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही.

पाद्री हद्दीवरच्या ओढ्यापलीकडे घोड्यावरून उतरला आणि गावकरानं हात आडवा धरला. राजाच्या पाद्र्याला आमच्या गावकरानं थोपवलं हे ऐकून साहेब पोट धरून हसले, आणि गंमत बघायला म्हणून आमच्या मागून ओढ्यावर आले. मडमबाई पांढऱ्याफटक. पाद्र्याला दुपारीच परत फिरायचं होतं, पुन्हा फेरी वर्षानं. मला माझाच संताप आला.

"सीम वढ्याच्या मधोमध हाय न्हवं?" मी गावकराला म्हटलं. "मग त्येस्नी तितवर येऊ द्या, आमी तितवर जातो."

गावकरानं विचार केला. "व्हय. त्येला आडकाठी न्हाई."

बाळाला घेऊन मी पाण्यात शिरले. दोन पावलांत शेवाळावरून पाय सटकला. मागून धपधप आवाज आला. साहेब बुटांसकट पाण्यात. त्यांनी बाळ माझ्या हातातून घेतलं आणि गेले सरळ मधोमध, पाद्र्यासमोर. पाद्र्यानं ओंजळ भरली. साहेब म्हणाले, "थांबा. करायचंच तर नीट करू." उन्हानं पाणी कोमट झालं होतं. त्यांनी बाळाला अलगद कमरेपर्यंत बुडवून धरलं, आणि वरून पाद्र्यानं डोक्यावर पाणी ओतलं. बाळ खुदखुदलं. मडमबाई काठावर हसत रडत होत्या.

बुटांतलं पाणी ओतत साहेब त्यांना म्हणाले, "हे माझ्या बापाला लिहू नकोस."

त्यांनी नाही लिहिलं. पुढच्या टपालानं साहेबांनी स्वतःच लिहिलं.