जळकोटच्या शांतम्मा आणि सरदारबींचे मासे

शांतम्मांच्या नावात शांती होती, जिभेवर नव्हती. जळकोटला सोलापूर-हैदराबाद रस्त्याच्या कडेला त्यांचं चहाचं हॉटेल होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दीर बंडप्पा भट्टी सांभाळायचा आणि उरलेलं जग शांतम्मा सांभाळायच्या. मी तेव्हा तिथल्या शाळेत मास्तर होतो आणि माझी सकाळ त्यांच्या बोलण्यानंच उजाडायची. पितळी पेल्यात स्वतःचं तोंड दिसेपर्यंत त्या तो राखेनं घासायच्या. दारातून माणूस उपाशी गेला तर त्यांना घास गोड लागत नसे. घासणं आणि खाऊ घालणं, या दोन गोष्टींवर ती बाई उभी होती.

गल्ल्याशेजारी सागवानी चौकटीची काचेची मोठी पेटी होती आणि तिच्यात पाच लाल मासे. चहा झाला की ड्रायव्हर चिमूटभर चिवडा त्यात टाकायचा, मगच गाडीकडं वळायचा. मासे वर आले तर वाट नीट जाते, हे कुणी ठरवलं देव जाणे. मी स्वतः बदलीचा अर्ज केला त्या दिवशी चिवडा टाकून आलो होतो. बदली झाली नाही, पण तो माशांचा दोष नव्हे.

हे मासे शांतम्मांचे नव्हते. ते सरदारबींचे. सरदारबींचे मालक निजामाच्या काळापासून करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या चौकीवर, कारकून होते. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी नाका उठला आणि बिऱ्हाड हैदराबादेला निघालं. भरल्या मोटारीत काचेची पेटी मावेना. सरदारबींनी ती शांतम्मांच्या दारात ठेवली आणि म्हणाल्या, ही अमानत, कधीतरी नेईन. गावातली माणसं तेव्हा एकमेकांकडं जपूनच बघत होती. कुणी कुणाकडं काय ठेवलं याची चर्चा झालीच. शांतम्मांनी चर्चा करणाऱ्यांचा चहा बंद केला.

पुढं बरीच वर्षं गेली. एक दिवस हैदराबादहून आलेल्या कंडक्टरनं सांगावा आणला. सरदारबी लग्नाला सोलापूरला निघाल्यात, महिन्याभरानं, शुक्रवारी, जळकोटला उतरतील आणि मागची गाडी येईपर्यंत थांबतील. शांतम्मांनी हॉटेल डोक्यावर घेतलं. आणि नेमके त्याच आठवड्यात मासे आजारी पडले. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले, आणि ते तळाच्या खड्यांना अंग घासत फिरू लागले.

शांतम्मांनी नळदुर्गच्या गुरांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी पाण्यात घालायला निळं औषध दिलं. ठिपके खरोखर गेले. शांतम्मांनी त्या दिवशी मला फुकट चहा पाजला, ही गोष्ट गावात कुणी खरी मानली नाही.

पण निळा रंग उतरला आणि पाणी पांढुरकं दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी तर तांदळाचं धुवण झालं. शांतम्मांना एकच उपाय ठाऊक होता. त्यांनी मासे घंगाळात काढले, पेटी राखेनं लख्ख घासली, खडे उकळून वाळवले आणि आडाचं ताजं पाणी भरलं. काच अशी चमकली की बंडप्पानं तिच्यात बघून भांग पाडला. एका दिवसात पाणी पुन्हा गढूळ. त्यांनी पुन्हा घासली. मग एक मासा उलटा तरंगला. त्यांनी तिसऱ्यांदा घासली, आणि आणखी दोन गेले.

डॉक्टर एसटीतून उतरले तेव्हा शांतम्मा राखेच्या हातांनी पेटीपुढं बसल्या होत्या. डॉक्टर चिडलेच. औषधानं रोगाबरोबर पाणी निवळ ठेवणारे चांगले जंतूही मेले होते, ते हळूहळू पुन्हा धरणार होते, आणि या बाई दर वेळी ते धुऊन टाकत होत्या. विरजणाचं भांडं राखेनं घासायचं आणि मग दही का लागत नाही म्हणून रडायचं, असा हा प्रकार, असं त्यांनी सुनावलं. रोज तांब्याभर पाणी काढा, तांब्याभर शिळं पाणी घाला. पाण्याला हवा लागू द्या. आणि पाणी निवळेपर्यंत खायला कण टाकू नका, माशांनी सोडलेलं तळाशी कुजतं.

"म्हंजे घासायचं न्हाय, खायला घालायचं न्हाय," शांतम्मा म्हणाल्या. "मग म्या करू काय?"

"काही करू नका," डॉक्टर म्हणाले.

ते दिवस मला आठवतात. हवेपुरतं काम त्यांनी शोधून काढलं. चहा निववतात तसं पेल्यानं पाणी उचलायचं आणि उंचावरून सोडायचं. बाकी वेळ त्या नुसत्या बसायच्या, हात एकमेकांत गच्च धरून. उरलेले दोन मासे गढुळात दिसायचे नाहीत. क्षणभर लाल शेपूट काचेजवळ यायचं, तेवढाच श्वास आम्ही सगळे घ्यायचो. ड्रायव्हर चिवडा टाकायला आले की भांडणं व्हायची. मल्लिनाथ नावाचा ड्रायव्हर रुसून चहा न पिताच गेला. अपशकुनी पेटी म्हणून गाड्या पुढच्या हॉटेलाला थांबू लागल्या.

सरदारबी यायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, बंडप्पा म्हणाला, सोलापुरातनं तीन लाल मासे आणतो, कोण ओळखणार आहे. शांतम्मांनी पेटीकडं बघितलं, मग गल्ल्याकडं, आणि मला खरंच भीती वाटली. मग त्या म्हणाल्या, मेलेल्याच्या जागी दुसरं बसवून ठेव परत करायची, ही चोरीच झाली.

शुक्रवारी सरदारबी उतरल्या. केस पिकले होते, बुरख्याला ठिगळ होतं. पाणी अजून पुरतं निवळलं नव्हतं. त्या सरळ पेटीपाशी गेल्या, काचेवर बोट टेकवलं, आणि दोन्ही मासे वर आले. सरदारबींचे डोळे भरले. त्यांनी पदराच्या गाठीतून भाजलेल्या शेवयांचा चुरा काढला. वाटेत त्यांनी तो माशांसाठीच जपून आणला होता.

शांतम्मांनी त्यांचं मनगट धरलं.

सगळं हॉटेल थांबलं. सरदारबींनी मनगटाकडं बघितलं, मग शांतम्मांकडं. "मेरे मच्छी, और मुझेच मनाई, अक्का?"

"तुमचे हायत म्हनूनच," शांतम्मा म्हणाल्या. "पाच दिले हुते. तीन माझ्या हातनं गेले, लई घासून घासून. हे दोन म्या मरू देणार न्हाय, तुमच्या हातनं बी न्हाय."

सरदारबींनी चुरा पुन्हा गाठीत बांधला. दोघी बाकावर बसल्या. सरदारबींनी सांगितलं, पहिल्या उन्हाळ्यातच सगळे मासे गेले असतील असं त्यांनी धरलं होतं. मालक वारले होते. मुलाच्या एका खोलीत सगळं घर राहत होतं, पेटी ठेवायला जागा नव्हती. न्यायला त्या आल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या, आता अमानत नको, हे मासे तुमचेच.

शांतम्मा ताडकन उठल्या. मला वाटलं आता बोलतील, आणि त्या बोलल्याच.

"माझे म्हनू नका. माझे झाले तर तुमी परत कशाला याल?"

सोलापूरची गाडी येऊन उभी राहिली. सरदारबी दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि म्हणाल्या, "ठीक है अक्का. मेरेच हैं. अगले बरस ले जाऊंगी."