सगळ्यांत कमी भीती कोणाची

"घरात तुला सगळ्यांत कमी भीती कोणाची वाटते?"

एखादी शाळकरी मुलगी एकटीच तपासायला आली, की डॉक्टरबाई टेबलामागची खुर्ची सोडून तिच्या शेजारी बाकावर येऊन बसत आणि हे विचारत. बाहेर नावे लिहून घेण्याच्या टेबलाशी मी असे. दार लोटले जाण्यापूर्वी एवढेच माझ्या कानी पडे.

आरंभी मला तो प्रश्न विचित्र वाटला होता. पुढे उलगडा झाला. अठरा वर्षांखालील मुलीचा गर्भपात करायचा तर पालकाची लेखी संमती लागते, असा कायदा आहे. पोलिसांना कळवणेही डॉक्टरांवर बंधनकारक असते. मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर तिचे नाव झाकून कळवता येते. म्हणजे सारे काही घरातल्या एका मोठ्या माणसापाशी येऊन थांबते. ते माणूस कोण, हे बाई शोधत असत.

बाई शूर नव्हत्या. कुलूप लावून जिना उतरलेली आणि पुन्हा वर जाऊन ते ओढून पाहणारी माणसे तुमच्याही पाहण्यात असतील, बाई त्यांतल्या. कर्जतला इतकी वर्षे दवाखाना चालवूनही जिन्यात जड पावले वाजली, की त्यांचा हात चष्मा पुसायला जाई. रुग्णांना मात्र त्या सांगत, "तुम्ही कशाला घाबरता? घाबरायला मी आहे ना."

आणि ते खरेच होते.

एके दिवशी खालापूरकडच्या एका गावातून अकरावीतली मुलगी आली. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कर्जतला आपल्याला कोणी ओळखत नाही, म्हणून ती इतक्या लांब आली होती. मुलगा तिच्याच वर्गातला होता आणि तिच्याइतकाच घाबरलेला. बाईंच्या प्रश्नावर ती बराच वेळ दप्तराचा पट्टा पिळत राहिली. मग म्हणाली, "आईची. पण आई पप्पांना इचारल्याशिवाय सही करत नाय. बचत गटातबी नाय."

कायद्याला एकटी आई पुरते. वडिलांनाही सांगा, असे तो म्हणत नाही. पण हे त्या घराला कोणी सांगायचे?

आई आली. सारे ऐकून ती भिंतीला टेकली. तिने पेन हातात घेतले आणि तसेच खाली ठेवले. "ह्यांना कळलं तर पोरीला जिती ठेवायचे नाय," ती म्हणाली. उद्या येते, म्हणून गेली ती आलीच नाही. तिचा फोन बंद लागत होता, आणि घरातला दुसरा फोन वडिलांच्या खिशात.

उशीर जितका होईल तितका धोका वाढणार होता. बाईंना झोप लागत नसे, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसे. अखेर त्या मला म्हणाल्या, "आपण दोघी जाऊन येऊ. मला एकटीला जमायचं नाही." मलाही जमणारे नव्हते, पण नाही म्हणण्याचे धैर्यही माझ्यात नव्हते.

वडील कुंभिवलीच्या बाजूला एका कारखान्यात कामाला होते. त्यांची पाळी सुरू असतानाच आम्ही रिक्षाने गेलो. वाटेत बाईंनी डझनभर केळी घेतली. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जाऊ नये, हा त्यांचा शिरस्ता. बाईंचे कडक इस्त्रीचे पातळ, माझी त्यातल्या त्यात बरी साडी, हातात फळे आणि घरात उपवर दिसणारी मुलगी. आम्ही ओटीवर टेकतो न टेकतो तोच शेजारच्या मावशींनी निष्कर्ष काढला आणि आपल्या घरून पोह्यांची ताटली आणली. "पोर कामाला लई हुशार हाय," त्या बाईंना सांगू लागल्या. आम्ही कोण, हे सांगावे तर सारे गाव जागे होणार. न सांगावे, तर पोहे खावे लागणार. आम्ही पोहे खाल्ले.

मावशी तेवढ्यावर थांबल्या नव्हत्या. त्यांनी मुलीच्या वडिलांना फोन करून पाहुणे आल्याचे कळवलेही होते.

मोटारसायकल अंगणात थांबली तेव्हा मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला. वडिलांनी पाय धुतले, आम्हाला नमस्कार केला आणि पाहुणे कुठले, असे विचारले. बाईंचा हात चष्म्याकडे गेला, पण चष्मा निघेना.

"कर्जतच्या हायेत," मुलीची आई एकाएकी बोलली. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला, नजर जमिनीवर. "मुलगी बघाय आलेल्या. पर जमत नाय म्हनतात."

नवऱ्याला विचारल्याशिवाय तिने घेतलेला हा बहुधा पहिला निर्णय असावा.

वडिलांचा चेहरा पडला. "आमच्या पोरीत काय कमी हाय?"

बाई खोटे बोलत नसत. त्या म्हणाल्या, "काही कमी नाही. वय कमी आहे. तिला शिकू द्या."

मग वडिलांनी आम्हाला रस्त्यापर्यंत पोहोचवले आणि रिक्षाही थांबवून दिली.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडण्याआधीच मायलेकी जिन्यात बसल्या होत्या. सही करताना आई स्वतःच्या नावाशी थबकली. "मधी ह्यांचं नाव लिवायचं?"

"तुमचं पूर्ण नाव असेल तेच लिहा," बाई म्हणाल्या. "घाबरायला मी आहे."

तिने नवऱ्याचे नाव लिहिले, अगदी सावकाश. मुलगी संध्याकाळी सुखरूप घरी गेली.

त्यानंतर खाली मोटारसायकल थांबली, की बाईंचे बोलणे अर्ध्यावर तुटे. ते शेवटपर्यंत तसेच राहिले. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. दवाखान्याची पाटी उतरली.

परवा कर्जतच्या बाजारात एक मोटारसायकल माझ्याजवळ येऊन थांबली. मी त्या मुलीच्या वडिलांना ओळखले. मागे मुलगी बसली होती, धुळीसाठी ओढणीने तोंड बांधलेले. ते हसून म्हणाले, "त्या बाई बऱ्या हायेत ना? जमलं का त्यांच्या पोराचं?"

बाईंना मूलबाळ नव्हते. मी एवढेच सांगितले, की बाई गेल्या.

"अरेरे," ते म्हणाले. "तोंडावर खरं सांगनारी बाई. कालेजच्या शेवटच्या वर्साला हाय आता ही." आणि त्यांनी मान मागे वळवली. "तुला आठवतात का गं त्या?"

मुलीने मानेनेच होकार दिला. ओढणीतून तिचे फक्त डोळे दिसत होते. वडिलांनी पुन्हा रस्त्याकडे तोंड करीपर्यंत तिने ते कोरडे ठेवले.