एका पायावर उभी फुसाए

फुसाए एका पायावर उभी होती आणि रागानं तिचे कान तापले होते. समोर नगरकचेरीची आरोग्यसेविका इकुता घड्याळाकडे पाहत कौतुकानं मान डोलावत होती.

"साठ सेकंद झाले. ठेवा पाय खाली, आजी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कमाल आहे तुमची."

फुसाएनं पाय खाली ठेवला नाही.

त्या बंदराच्या गावात फुसाएचे हातपाय सगळ्यांच्या ओळखीचे होते. पस्तीस वर्षं तिनं कालवं फोडली होती. आणि एकोणतीस वर्षं, रोज सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायामाचा पियानो सुरू झाला की धक्क्यावर लोकांसमोर उभी राहून ती कवायत घेत आली होती. गेल्या नोव्हेंबरच्या नऊ तारखेला तिचा नवरा योशिहारु गेला. दहन होऊन तीन दिवस होतात न होतात तोच ती पुन्हा धक्क्यावर हजर.

"गेन्की ना, फुसाएबाई?" लोकांनी विचारलं.

"गेन्की," ती म्हणाली.

तिथं याला दुसरं उत्तर नसतंच. गेन्की म्हणजे अंगानं ठणठणीत, मनानंही ठणठणीत, तुम्ही आपापल्या कामाला लागा. अंगात ताप असला तरी गेन्की. नवरा गेला तरी गेन्की.

कवायत दहा मिनिटांत संपायची, माणसं पांगायची. मग दुसऱ्या दिवशीच्या साडेसहापर्यंत फुसाएशी बोलायला कुणी नसे. एका वाटीपुरता भात तिला जमत नसे. ती तीन दिवसांचा एकदम शिजवायची आणि ओट्याशी उभ्यानंच खायची.

गावच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी म्हाताऱ्यांची पंगत असे. एक लांब टेबल, मिसोचं सूप, भाजलेला मासा आणि तीन तास गप्पा. फुसाएची शाळेपासूनची मैत्रीण हात्सुको तिथं जायची. फुसाएलाही जायचं होतं. पण त्यासाठी कचेरीत तपासणी द्यावी लागे, आणि जागा मिळे ती अशक्तांनाच.

एप्रिलमध्ये ती तपासणीला गेली. एका पायावर खांबासारखी उभी राहिली, हात न टेकता खुर्चीवरून उठली. शेवटी इकुतानं कागदावरचा प्रश्न वाचला : गेल्या दोन आठवड्यांत जगण्यात काही राम वाटला का?

"गेन्की," फुसाएच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

आठवड्याभरात अभिनंदनाचं पत्र आलं. आपली प्रकृती उत्तम आहे, आपल्याला मदतीची गरज नाही.

फुसाए ते घेऊन हात्सुकोच्या घरी गेली. हात्सुको हसून हसून बेजार झाली. "अगं बावळट, जरा डगमगायचं होतंस. मी तर सरळ भिंत धरली."

"तुझं खुब्याचं हाड मोडलंय."

"मोडलंय म्हणून तर मला दर गुरुवारी ताटावर बसवतात. तुझे पाय तुला काय देतात गं?"

फुसाएनं चप्पल चढवली आणि ती चहा न घेताच घरी आली. रस्ताभर तिला आपल्याच पायांचा राग येत होता. त्यांनी चढण नेहमीसारखी सहज चढली, त्याचा तर जास्तच.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासणी होती. आधीचे पंधरा दिवस तिनं घरच्या ओसरीत डगमगण्याचा सराव केला. पण इकुतानं घड्याळ सुरू केलं आणि पाय जमिनीत रुतला. एवढी वर्षं चारचौघांसमोर ताठ उभं राहिलेलं ते शरीर, ते काही केल्या खोटं बोलेना. साठ सेकंद तसेच गेले.

"आजी, ठेवा ना पाय."

"मला नातवंडं नाहीत. आजी कुणाची म्हणतेस? तो शेवटचा प्रश्न विचार."

"तो नंतर आहे."

"आत्ता विचार."

इकुतानं विचारला.

"नाही," फुसाए म्हणाली. "नोव्हेंबरपासून नाही."

इकुताचं पेन थांबलं. "असं काय म्हणता, फुसाएबाई? इतकी छान तब्येत असताना..."

"तब्येत छान आहे, म्हणून तर धडधाकट पायांनी दिवसभर रिकाम्या घरात फिरते. दोन्ही वेळा तू माझ्या पायांचं ऐकलंस. आता मी सांगते ते लिही. लिहीपर्यंत हा पाय खाली यायचा नाही."

मागच्या खुर्चीवरचा म्हातारा कोळी कुरकुरला, "लिही गं पोरी. ही संध्याकाळपर्यंत उभी राहील. माझा नंबर कधी यायचा?"

इकुतानं लिहिलं. मग तिचा चेहरा उजळला. "असं करू या का? गुरुवारी जेवणाआधी तुम्ही सगळ्यांची कवायत घ्या. मदतनीस म्हणून तुमचं नाव घालते."

"मला कवायत घ्यायची नाही. मला बसून जेवायचंय."

घड्याळ थांबवायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्यावर दोन मिनिटं पंचवीस सेकंद झाले होते. इकुतानं कागदावरची एक ओळ खोडली, वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि मान वर न करताच म्हणाली, "गुरुवारी साडेअकराला या. जेवणाच्या काड्या घरून आणा."

फुसाएनं पाय खाली ठेवला.

गुरुवारी हात्सुकोनं सरकून तिला शेजारी जागा करून दिली. समोरच्या बाईनं डोळे मोठे केले. "अय्या, फुसाएबाई, तुम्ही इथं? गेन्की ना?"

"नाही," फुसाए म्हणाली.

कुणीतरी सूप उगाच ढवळलं. हात्सुकोनं मुळ्याच्या लोणच्याची बशी तिच्यापुढे सरकवली.

"मग खा," ती म्हणाली.

फुसाएचा राग अजून उतरला नव्हता. ती तशीच, रागातच जेवली, आणि भात दुसऱ्यांदा मागून घेतला.