लावणीची पुडी

आमच्या सासूबाईंचा चेहरा गोल झाला तेव्हा अख्ख्या आळीने माझं कौतुक केलं होतं, आणि मी ते आनंदाने घेतलं होतं. लग्न होऊन मी कशेळ्याजवळच्या या गावात आले तेव्हा त्या नुसत्या चिपाड होत्या. दोन-तीन वर्षांत गाल भरले, हनुवटीखाली मांस आलं. "सुनंच्या हातचं मानवलं हो तुमाला," बायका म्हणायच्या आणि मी लाजायचे. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. आमच्याकडे बाईचा चेहरा भरला की ती सुखात आहे असंच धरून चालतात. हातपाय होते तसेच काड्या राहिले होते, ते कोणी बघितलं नाही. मीही नाही.

माझ्या हातच्या जेवणाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. त्या पुड्या खात होत्या. पुडी म्हणजे कागदात बांधलेल्या चार सुट्या गोळ्या. बाजारातल्या एका दुकानात मिळतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून कंबर धरते, पुडी घेतली की तासाभरात सुटते. आमच्याकडे बायका लावणी एकमेकींची करतात, आज हिच्या शेतात, उद्या तिच्या. ज्यांची लावणी त्यांनी चहा-भाकरी न्यायची आणि चहाबरोबर पुड्याही द्यायच्या. न देणारं घर चिकट ठरतं. आम्ही काही चिकट नव्हतो. दोन पावसाळे मी स्वतः बांधावर उभी राहून पुड्या वाटल्या, डोंगरातल्या वाड्यांवरून मजुरीला येणाऱ्या ठाकर बायकांनासुद्धा. चांगलं काम केल्यासारखं वाटायचं. सासूबाईंचं मात्र लावणीपुरतं भागेना. पुढे भाताच्या झोडणीला पुडी, लाकडं आणायला पुडी, आणि शेवटी शेवटी सकाळी अंथरुणातून उठायलाही पुडी लागायला लागली.

मी खालापूरला एका कचेरीत टायपिंग करते. एकदा कामावर जाताना त्यांच्या पुड्या आणायला दुकानात थांबले, तर दुकानदाराने माझ्यासमोरच पाकिटं फोडून गोळ्या मोजल्या. मी पाकिटांवरची नावं वाचली आणि एसटीत बसून मोबाइलवर शोधली. दोन गोळ्या दुखण्याच्या, एक पित्ताची, आणि ती चौथी बारकी होती स्टिरॉइड. चेहरा सुजतो. कातडी पातळ होते, जरा लागलं की काळंनिळं पडतं. हाडं पोकळ होतात, साखर वाढते, जखम भरत नाही. दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. सासूबाईंच्या दोन्ही हातांवर जांभळे डाग होते आणि टाचेची चीर तीन महिने भरत नव्हती. आम्ही तिला हळद लावत होतो. एवढं वाचलं आणि माझं डोकं फिरलं. पुढचं मी वाचलं नाही.

संध्याकाळी परतताना आधी दुकान गाठलं. बाजाराच्या दिवशी, चारचौघांत, त्या माणसाची मी अशी काही हजेरी घेतली की समोरच्या जीपमधली माणसं खाली उतरून बघायला आली. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, माणसं मागतात म्हणून देतो. मी कुठं घरी आणून भरवतो?" मग घरी येऊन सासूबाईंचे डबे, उशी, कमरेची पिशवी, सगळं धुंडाळलं आणि सापडतील तेवढ्या पुड्या चुलीत घातल्या. त्या ओट्यावर बसून बघत होत्या. मला तेव्हा फार बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत. पेज दिली, ओकून टाकली. चौथ्या दिवशी मान उचलवेना. "एक तरी दे गं," म्हणाल्या. "निसती अर्धी दे."

"कळ काढा, आई. विष उतरतंय अंगातलं," मी म्हणाले. हे माझे शब्द आहेत. नवरा म्हणाला, देऊया का एक, तर त्याच्यावरही ओरडले, की तुम्हीच आईंना लाडावून ठेवलंय. पाचव्या दिवशी त्या मोरीच्या दाराशी कोसळल्या. अंग गार पडलं होतं. जीपमध्ये घालून कर्जतला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गोळ्या बंद कुणी केल्या?"

"मी."

मला वाटलं, बरं केलंत म्हणतील. ते म्हणाले, हे औषध शरीर स्वतःही थोडं थोडं बनवत असतं. वर्षानुवर्षं बाहेरून मिळालं की आतलं काम थांबतं. मग बाहेरचं एकदम तोडलं तर माणसाजवळ काहीच उरत नाही, रक्तदाब कोसळतो, जीव जातो. ते आठवड्या-आठवड्याने, डॉक्टरांच्या नजरेखाली कमी करत आणावं लागतं. बोलता बोलता त्यांनी सासूबाईंना इंजेक्शन दिलं. त्याच जातीचं औषध होतं ते. ज्याला मी विष म्हणत होते त्यानेच त्या डोळे उघडू लागल्या, आणि मी भिंतीला टेकून उभी होते.

सासूबाई वाचल्या. गोळी अजून आहे, पण डॉक्टरांनी लिहून दिलेली, दर भेटीत थोडी थोडी कमी होत आलेली. मला सूड घ्यावासा वाटतो तो त्या दुकानदाराचा. तो येईल त्याला सांगतो, "बंद केल्यावर त्या म्हातारीचं काय झालं, बघितलं ना?" त्याला एवढी चांगली जाहिरात दुसऱ्या कुणी करून दिली नसती. त्याचा राग येतो, माझा त्याहून जास्त येतो.

यंदाच्या आमच्या लावणीला मी पुड्या नेल्या नाहीत. बायकांनी आपापल्या आणल्या होत्या. वाडीवरच्या एकीने माझ्यादेखत पुडी सोडली आणि म्हणाली, "घेतली तर उभी ऱ्हाते, सोडली तर मरते. तुमच्या आईंचंच बघितलं की आमी."

एकदम सोडू नकोस, पण माझ्याबरोबर कर्जतला चल, डॉक्टर बेताबेताने सोडवतील, असं मी तिला सांगितलं. ओरडले नाही. "लावणी उरकू दे," ती म्हणाली, आणि गोळ्या तळहातावर घेतल्या. माझा हात पुढे झाला होता. तो मी मागे घेतला, कारण तिला अडवायची मला भीती वाटली.