जिभेखालचे दाणे

ती घटना मनात आली की मला आजही आधी एक दाभण दिसतो. गोणपाट शिवायचा साधा दाभण. नोकरीत सुरे, कोयते, तलवारी मुद्देमाल म्हणून कितीतरी जमा केल्या, पण त्यातलं काही असं डोक्यात बसलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी परळ भागातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. रोज मोर्चा, रोज सभा, रोज बंदोबस्त. लोक आम्हाला शिव्या घालत, आणि खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्यांच्या मनात घोषणा त्यांच्याच होत्या. ठाण्यातली साधी कामं तशीच पडून राहत.

अशाच एका सकाळी एक माणूस टेबलासमोर येऊन उभा राहिला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. म्हणाला, "साहेब, काल माझी पोर मेली. बायकोने विष घातलं तिला."

त्याचा डुकराच्या मांसाचा धंदा होता. वडाळ्याला मिठागरांच्या बाजूला डुकरांचा वाडा आणि परळला छोटं दुकान. मुलगी आठ वर्षांची, पहिल्या बायकोची. ही दुसरी बायको मालवणकडची, लग्नाला दोन वर्षं झालेली. दोन महिन्यांत मुलीला तीनदा झटके आले. चौथ्यांदा आले, तोंडाला फेस आला, आणि ती गेली.

अपमृत्यू रजिस्टरला नोंद केली, प्रेत तपासणीला पाठवलं आणि बाईला ठाण्यात आणली. चाळीतले आठ जबाब घेतले. आठही सारखेच: सावत्र आई, तिनेच केलं. मीही मनात तेच धरून बसलो होतो. सावत्र आई, तोंडाला फेस, आणि बाईच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही! अजून काय हवं होतं मला?

दोन दिवस मी तिला फैलावर घेतलं. "काय घातलंस? कशातून घातलंस?" टेबलावर हात आपटून आपटून तळहात लाल झाला माझा.

ती भिंतीकडे बघत एकच सांगायची, "मी कायएक घालूक नाय. तिका भरवूक माका दिल्यानच नाय कधी."

आमचे हवालदार वयाने मोठे, सावंतवाडीकडचे. ते हळूच म्हणाले, "साहेब, ती काय बोलते ते जरा नीट ऐका." मी त्यांच्यावरच खेकसलो. त्या वाक्यात अख्खी केस होती आणि मी ते जबाबात उतरवूनसुद्धा घेतलं नाही. आज लिहितानाही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी शवागारातल्या डॉक्टरांचा निरोप आला. व्हिसेराचा अहवाल यायला वेळ होता, पण त्यांनी मला काचेच्या बशीत काहीतरी दाखवलं. पांढुरके, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे. ते मुलीच्या मेंदूतून काढले होते.

"बाप काय करतो?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग विष घालणारा शोधू नका. जंत शोधा."

"म्हणजे पोरीने खराब मांस खाल्लं?"

"इथेच सगळे चुकतात, फौजदार. असे दाणे असलेलं मांस अर्धकच्चं खाल्लं, तर खाणाऱ्याच्या आतड्यात लांब फितीसारखा जंत वाढतो. त्या माणसाला फारसा त्रास नसतो. पण त्याची अंडी त्याच्या शौचातून बाहेर पडतात. हात नीट धुतले नाहीत, की तीच अंडी दुसऱ्याच्या तोंडात जातात आणि मग असे दाणे मेंदूत होतात. मेलेल्याने मांसाचा तुकडाही खाल्लेला नसेल, तरी होतात. डुक्कर तेच उघड्यावरचं शौच खातं, म्हणून त्याच्या अंगात होतात."

मी आणि हवालदार तडक वडाळ्याला गेलो. वाड्याच्या मागे माणसं शौचाला बसायची ती उघडी जागा, आणि डुकरं तिथेच मोकळी फिरत होती. पाण्याची टाकी बरीच लांब. दाराच्या बांबूत तो दाभण खोचलेला होता, टोकाला वाळलेलं रक्त. वाड्यात गोणपाट एकही नव्हतं. मग दाभण कशाला?

ठाण्यात परत आलो आणि दाभण बापाच्या समोर ठेवला. तो म्हणाला, "धंद्यातली गोष्ट आहे साहेब. जिवंत डुक्कर विकत घेणारा माणूस त्याच्या तोंडात काठी घालून जीभ ओढून बघतो. जिभेखाली दाणे दिसले की डुक्कर नाकारतो. म्हणून आम्ही आधीच दाभणाने दाणे टोकरून काढतो. जीभ साफ दिसते."

"आणि आतल्या मांसातले?"

तो खाली बघायला लागला. "कापल्यावर गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून एक तुकडा निखाऱ्यावर टाकतो आणि सगळ्यांसमोर आधी मीच खातो. वडिलांपासूनची रीत आहे."

"पुरता भाजतोस?"

"गिऱ्हाईक थांबतंय कुठे?"

"पोटाचा काही त्रास?"

"त्रास नाही. वर्षभर शौचातून पांढऱ्या फितीचे तुकडे पडतात. त्याने काय होतंय?"

पुढचं विचारणं भाग होतं. "मुलीला जेवायला कोण घालायचं?"

तो ताठ बसला. "मी! त्या बाईच्या हातचा एक घास पोटात जाऊ दिला नाही मी पोरीच्या. रोज वाड्यावरून आलो की आधी तिला मांडीवर घेऊन भरवायचो. बिनआईची पोर होती ती साहेब!" आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

मी उठून बाहेर आलो. बाकावर ती बाई बसली होती. मी तिला सांगितलं की तू सुटलीस, आणि का सुटलीस तेही सांगितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडली. मग डोळे पुसून विचारलं, "तेका सांगितलात?"

"अजून नाही."

"सांगू नकात."

मी चिडलो. "अगं बाई, त्याने तुझ्यावर खुनाचा आळ घेतला!"

"घेतल्यान. आपल्या चेडवावरच्या मायेनच घेतल्यान मा? ह्या आयकल्यार तो मिठागरात जीव देतलो, साहेबानु. माका लोक बोलतत, बोलूंदेत."

मी कागदावर नैसर्गिक मृत्यू लिहिला, मेंदूचा आजार. पुढे व्हिसेराच्या अहवालातही विष निघालं नाही. महापालिकेच्या माणसांना बोलावून दुकानातलं मांस नष्ट करवलं, वाडा बंद करवला, खराब मांस विकल्याचा बापावर खटला भरला. जंताच्या औषधासाठी त्याला इस्पितळात धाडला, पण त्याचा आणि मुलीचा संबंध कुणी त्याच्यापाशी बोललं नाही. डॉक्टरांना मीच तशी गळ घातली होती. मी केलं ते बरोबर की चूक, मला अजून सांगता येत नाही.

डुकराचं मांस खाणाऱ्यांना मी सांगतो, तपासून शिक्का मारलेलंच घ्या आणि आतपर्यंत शिजवा. न खाणाऱ्यांनाही सांगतो, हात धुवा. पोलिसात नव्याने आलेल्या पोरांना मात्र वेगळंच सांगतो: समोरचा माणूस बोलत असेल तेव्हा टेबलावर हात आपटू नका.

काही महिन्यांनी बंदोबस्तासाठी त्याच चाळीत गेलो होतो. नळावर बायकांची रांग होती. ती एकटी बाजूला उभी होती. सगळ्यांचं भरून झाल्यावरच तिला नळ मिळायचा. मला बघून एक म्हातारी मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "बघा, पोलिसांनी सोडलेली. विष नाही तर करणी केली असेल!"

वर गॅलरीत तिचा नवरा उभा होता. त्यानेही ऐकलं आणि तोंड फिरवलं. माझ्या एका वाक्याने ती तिथल्या तिथे मोकळी झाली असती. मी तोंड उघडलंही. तिने हंडा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, नको म्हणून.